कोंबडा कोणाकडे?

नाना, तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. नितीन पिंड ठेवून धड मागेही सरला नव्हता, तोवर एक आला, भातात चोच घातली आणि खाडीच्या बाजूला उडून गेला. तुमच्या धाकट्या भावाने, बारक्याकाकांनी, हात जोडले. "दादूसचा काय राहिला नाय. सगला पुरा करून गेला," म्हणाले. सगळ्यांनी हुश्श केलं. कुणीतरी लगेच चहाचं बघायला गेलं. मी मागे बायकांमध्ये उभी होते. तुमचं नसेल राहिलं काही. माझं राहिलंय. तुम्ही गेलात त्या रविवारी मी तुम्हाला एक गोष्ट सांगायला आलेले आणि ती सांगायची राहूनच गेली. ती आता मी कुणाला सांगू?

आपलं नातं तरी कसलं चमत्कारिक होतं हो. मी तुमची एकुलती एक सून, आणि लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं सोडली तर तुमच्या मागच्या परसात मी कधी पाऊल टाकलं नाही. मी कोंबड्यांची डॉक्टर. टिटवाळ्याच्या पुढे आमच्या कंपनीची हॅचरी आहे, तिथे अंड्यांतून पिल्लं काढतात, आणि तिला लागूनच आमची लॅब. तिथे काम करणाऱ्याने घरी कोंबड्या पाळायच्या नाहीत आणि ज्याने पाळल्यात त्याच्या अंगणात जायचं नाही. बाहेरचा एखादा रोग अंगाकपड्यावरून आत गेला तर आतली सगळी पाखरं जातात. चुकून गेलंच कुणी, तर काही दिवस कामावर यायचं नाही. आणि इकडे तुम्ही! डोंबिवलीत, कल्याण-शीळ रोडच्या आत, पुढे स्वतःची चार मजली बिल्डिंग, भाडेकरू, त्यांच्या बाइका, आणि मागे जांभळाखाली पत्र्याचं खुराडं आणि गावठी कोंबड्यांचा दरबार.

गावाने याचा अर्थ भलताच लावला. मी डोंबिवलीतल्याच एका मास्तरांची मुलगी, घर शाकाहारी. मी मागे जात नाही म्हटल्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं की बामणाच्या पोरीला कोंबड्यांची किळस येते. काय बाई! जिने मेलेल्या कोंबड्या हाताने फाडून तपासण्यात निम्मं आयुष्य घालवलंय, तिला किळस! तुमची बहीण सोनूआत्या एका हळदीत मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालेली, "आत येत नाय ती, सोवला मोडल तिचा." तुम्ही ताटावरून मान वर केलीत. "सोवला तिचा नाय गो. तिचे कंपनीचे कोंबऱ्यांचा हाय." मांडवभर हसू झालं. आत्या पण हसली आणि तिने माझ्या पानात आणखी एक घावन टाकलं. त्या दिवसापासून मला या घरात कुणी परकं मानलं नाही.

खरं सोवळं पाळलं ते तुम्ही. मी येणार असं नितीनने कल्याणहून फोनवर सांगितलं की तुम्ही सकाळीच कोंबड्यांचं दाणापाणी उरकून, साबण लावून आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पुढच्या ओटीवर बसलेले असायचात. न सांगता आले तर आतून हाक यायची, "कोन, सूनबाय? भायेरच बस गो, मी आंघोल करून येतू." माझ्या आजीने सोवळं पाळलेलं मी बघितलंय, ती देवासाठी पाळायची. तुम्ही माझ्या नोकरीसाठी पाळलंत, आणि एकदाही कुरकुर केली नाहीत. कंपनीच्या नियमाने परसातलं कच्चं अंडंही माझ्या घरात चालत नाही कळल्यावर तुम्ही उकडून, सोलून, मीठ लावून डब्यातून पाठवायला लागलात. नितीन वैतागायचा. "बाबा, गाडीत वास बसतो." तुमची नात जुई मात्र तो डबा जिना चढायच्या आत संपवायची.

बोललो किती पण आपण! मी ओटीवर, तुम्ही ओटीवर, आणि कधी तुम्ही मागे खुराड्यापाशी असलात तर मधलं सगळं घर ओलांडून आरडाओरडा. शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत येऊन बघायची की भांडण कुठे लागलंय.

एकदा तुम्ही विचारलंत, "तू तिथे करतंस काय नक्की? इंजेक्सन देतंस का?" मी सांगायला लागले. अंड्यांसाठी ज्या कोंबड्या पाळतात ना नाना, त्यांच्या जातीचा नर कुणालाच नको असतो. तो अंडी देत नाही आणि अंगानेही भरत नाही. म्हणून तो अंड्यातून निघतो त्याच दिवशी त्याला मारतात. मी नोकरीला लागले तेव्हा हे पहिल्यांदा बघितलं. बायका ओळीने उभ्या असायच्या, पिल्लू उचलायच्या, पंख फाकवून बघायच्या, मादी या ट्रेमध्ये, नर त्या. त्या दुसऱ्या ट्रेमधली पिल्लंही तशीच पिवळी, तशीच चिवचिव करणारी. मी त्या दिवशी डबा उघडला नव्हता. तुम्ही विडी विझवलीत. "मना ठाव नवता गो," म्हणालात.

मग मी पुढचं सांगितलं, जे सांगायला मी कधीपासून उतावीळ होते. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून ठरतं. आम्ही आईच्या गुणसूत्रात, म्हणजे पिढीजात गुण ज्यातून उतरतात त्या धाग्यात, एके ठिकाणी बदल करतोय. तो धागा तिच्याकडून फक्त मुलग्यांत जातो, मुलींत जातच नाही. त्यामुळे नराचं अंडं सुरुवातीलाच थांबतं, त्यात पिल्लू धरतच नाही. मादी मात्र नेहमीसारखी जन्मते, तिच्यात त्या बदलाचा मागमूससुद्धा नसतो. "म्हंजे मारायलाच नको?" तुम्ही विचारलंत. मारायला कुणी उरतच नाही, मी म्हटलं. "आनि अंडा खानाऱ्याचे अंगात काय जातंय का?" नाही. तुम्ही विझलेली विडी परत पेटवलीत. मग म्हणालात, "तू पुन्याचा काम करतंस." नाना, मी घरी जाऊन हे नितीनला तीन वेळा ऐकवलं. चौथ्यांदा सांगायला लागले तर तो म्हणाला, "अगं, कळलं, बाबा पास झाले."

तो आनंद चार दिवस टिकला. मग तुमचा फोन आला. मी लॅबच्या बाहेर झाडाखाली डबा खात होते. "सूनबाय, मना येक सांग. पोटात पोरगी हाय बगून मारायचे लोक. तुमी अंड्यात पोरगा हाय बगून थांबवताव. येगला काय झाला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरं कुणी बोललं असतं तर सोडून दिलं असतं. तुम्ही बोललात! जुई झाली तेव्हा हॉस्पिटलमध्ये जो तो मला धीर द्यायला येत होता, जसं काही घरात कुणी गेलंय. "पुढच्या वेळेला होईल." तेव्हा तुम्ही बर्फीचा बॉक्स घेऊन वॉर्डात शिरलात आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या हातावर वडी ठेवलीत. "नात झाली मना. येकच बस झाली." त्यानंतर दुसऱ्या मुलाचा विषय या घरात कुणी काढला नाही, कारण तुम्ही काढू दिला नाहीत. माझ्यावर तुमचा केवढा मोठा उपकार आहे हा. आणि त्याच माणसाने मला त्या पोटात मुली मारणाऱ्यांच्या रांगेत उभं करावं? मी फोनवर काय काय बोलले ते झाडाखालच्या सगळ्यांनी ऐकलं. तिथे हाव होती, नाना, इथे दया आहे. तुम्ही शांतपणे म्हणालात, "दया असंल. पन मरन येगला, येऊच न देना येगला."

तिथून जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत चाललं, आणि खरं सांगू, मला ते आवडायचं. मी विचारायची, तुमच्याकडे जास्तीचे कोंबडे निघतात त्यांचं तुम्ही काय करता? रस्सा! तुम्ही म्हणायचात, "खातू. लपवतू कशाला? पन आदी फिरतं, आरवतं, दोन-चार मारामाऱ्या करतं, मंग खातू." मी म्हणायची, ओटीवर बसून बोलायला सोपं आहे, त्या ट्रेपाशी उभं राहून बोला. लबाडी तुम्हाला जमायची नाही. ज्याचं उत्तर नाही ते तुम्ही तिथेच सोडून द्यायचात आणि आठवडाभराने दुसरंच काहीतरी काढायचात. गावदेवीच्या जत्रेला अर्धं गाव कोंबडा मागायला तुमच्याकडे यायचं, कारण बाजारात मिळणारा रंगीत कोंबडा गावठी नसतो हे देवीला कळतं अशी सगळ्यांची खात्री. तुम्ही म्हणालात, "देवीला तुमचे कंपनीचा कोंबरा चालंल काय?" मी म्हटलं, कंपनीत नर जन्मणारच नाही, तेच तर चाललंय. "मंग देवीला काय दाखवू? तुजा फोटो?"

हसून हसून ठसका लागला आपल्याला. आणि हसता हसता तुम्ही एकदम थांबलात. "पन सूनबाय, कुठेतरी कोंबरा लागंलच ना? पुढची पिल्ला येतील कुठनं?" म्हटलं, तो कंपनीकडे असतो. आईची जातही तिच्याकडे, बापाची जातही तिच्याकडे. लोकांना फक्त कोंबड्या मिळतात. आणि यात नवीन काही नाही, मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना आजही कंपनीच्याच कोंबड्या घ्याव्या लागतात. तुम्ही मान हलवलीत. "पोल्ट्रीवाल्याचा सोर. गावातले बायांना देशील तवा?"

तेच येत होतं, नाना. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण तेच येत होतं. आमची पुढची योजना परसातल्या कोंबड्यांची आहे. दिसायला गावठी, रंगाने लालकाळी, गावठीच्या दुप्पट अंडी देणारी, आणि घरोघरी फक्त मादी वाटायची. बायकांना अंडी जास्त मिळतील, पोरांच्या पोटात जातील, हे खरंच आहे, मी त्यासाठीच राबतेय. पण एकदा का परसात फक्त आमच्याच माद्या झाल्या, आणि जुने कोंबडे खाऊन संपले, की मग? तुम्ही एवढंच विचारत होतात. "कोंबरा कोनाकडं?" फोन ठेवताना, जिना उतरताना, जुईच्या वाढदिवसाला केक कापताना, मध्येच, हसत. मी म्हणायची, नाना, पुरे.

तुम्हाला वाटलं असेल मी उडवून लावतेय. मी उडवून लावलं नव्हतं. मी आमच्या मोठ्या साहेबांना मीटिंगमध्ये विचारलं. म्हटलं, सर, परसातल्या योजनेत गावागावाला आपण थोडे चांगले नरही देऊ या, म्हणजे बायका आपली आपली पिल्लं काढतील. साहेब चांगले आहेत हो, माणूस म्हणून वाईट नाहीत. ते हसले. "मॅडम, मग दुसऱ्या वर्षी आपण विकणार काय?" बाकीचे पण हसले. मी पण हसले असेन बहुतेक. नंतर वॉशरूममध्ये जाऊन मी हात धूत उभी राहिले, उगाचच, पुन्हा पुन्हा. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी तुमच्या परसात गेले नाही ते चुकीचं नव्हतं, अजूनही मला ते चुकीचं वाटत नाही. पण तुमचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर आमच्याकडे ठरलेलं होतं. हेच सांगायला मी त्या रविवारी आलेले. नाना, तुम्ही बरोबर होतात, कोंबड्याच्या बाबतीत. एवढं एक वाक्य.

तुम्ही अजून मागेच होतात. नितीन खाली भाडेकरूच्या मीटरचं काहीतरी बघत होता. तुम्ही आतून ओरडलात, "बस गो, आलूच." मी ओटीवर बसून मनात वाक्य जुळवत होते, म्हणजे तुम्हाला जास्त चढणार नाही असं. तेवढ्यात घमेलं पडल्याचा आवाज झाला. मी हाक मारली. परत मारली. मग मी चप्पल न घालता धावले.

तुम्ही खुराड्याच्या दारात पडलेले आणि दाणे सगळीकडे सांडलेले. मी जनावरांची डॉक्टर, पण छाती दाबायची ती सारखीच दाबायची असते. मी दाबत राहिले, नितीनला ओरडत राहिले, आणि तुमच्या कोंबड्या आमच्या दोघांच्या अंगाखालचे दाणे टिपत होत्या. त्यांना काय कळतंय! तो मोठा लाल कोंबडा तेवढा भिंतीवर चढून कालवा करत होता. हॉस्पिटलमध्ये पोहोचायच्या आधीच तुम्ही गेलेले आहात हे मला माहीत होतं, मी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी कामावर कळवलं. साहेबांना खरंच वाईट वाटलं, ते तुमच्याबद्दल ऐकून होते. मग अडखळत त्यांनी विचारलं, "मॅडम, विचारू नये, पण तिथे पक्षी होते का?" होते, म्हटलं. "मग आता लगेच येऊ नका." म्हणजे बघा, इकडे सोनूआत्या मला देवाला हात लावू देईना, तिकडे कंपनी आत येऊ देईना. दोन्हीकडचं सुतक मला एकदमच लागलं. आणि नेमका तोच आठवडा आमच्या पहिल्या बदललेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघण्याचा.

पण या सुतकाने मला एक दिलं. शिवायचं होतं ते शिवून झालेलं, आता आणखी काय बाटणार? मी दहावं होईपर्यंत रोज तुमचं खुराडं उघडलं. दाणे टाकले, पाणी बदललं, शीट झाडली. तुमच्या कोंबड्या मी कायम कल्पनेत बघितलेल्या, तुम्ही करायचात त्या वर्णनातून. ती मानेवर पिसं नसलेली, ती लंगडी, ती दुसऱ्यांच्या पिल्लांना टोचणारी, जिला तुम्ही सोनूआत्याचं नाव ठेवलेलं. सगळ्या ओळखल्या मी. डॉक्टरच्या नजरेने बघितलं, डोळे, नाक, पंखाखाली, कुठे खोड काढायला जागा नव्हती. लाल कोंबड्याने मात्र माझ्या पोटरीवर रक्त काढलं. सोनूआत्या मागच्या दारात उभी राहून बघत होती. "आली शेवटी आत," म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत आत निघून गेली.

तिथेच, हातात खराटा असताना, माझ्या लॅबमधल्या शिल्पाचा फोन आला. "मॅम, निघाली! सगळ्या माद्या आहेत मॅम, सगळ्या!" मागे सगळे टाळ्या वाजवत होते. मी पालथ्या पाटीवर बसले आणि मोठ्याने रडले. शिल्पा म्हणत राहिली, "मॅम, रडू नका, मॅम." तिला वाटलं आनंदाने रडतायत. आनंद होताच. त्या ट्रेचं मी इतकी वर्षं काय ओझं वाहिलं ते माझं मला माहीत. पण तुम्हाला सांगायचं होतं हे, आणि तुम्ही आधी "शाबास" म्हणून मग लगेच काय विचारलं असतंत तेही मला ऐकू येत होतं.

तेराव्यानंतर खुराड्याचा विषय निघाला. नितीन म्हणाला, बाबाच नाहीत, आता कोण बघणार, देऊन टाकू कुणालातरी. बारक्याकाका म्हणाले, देऊन काय करायच्या, जत्रेला दोन देवीला, बाकीच्या पंगतीला, दादूसच्या नावाने गाव जेवेल. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, असंच करतात. मी म्हटलं, नको. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नितीन म्हणाला, "मग तू सांभाळणारेस? नोकरी सोडून?" नोकरी सोडली तर आत जाऊन कोंबड्याचं विचारणारं कोण उरतं? आणि नोकरी ठेवली तर हे खुराडं रिकामं होतं, आणि मग मी विचारून तरी काय करू? हे समजावून सांगावं असं त्या खोलीत कुणीच नव्हतं.

तेव्हा जुई बोलली. "मी राहते इथे."

मी म्हटलं, वेडी आहेस का, तुझं कॉलेज. ती म्हणाली, "कॉलेज डोंबिवलीतच आहे, आई. उलट इथून जवळ पडतं. आजोबांच्या खोलीत राहीन." मग मी तिला सांगितलं, जे मला स्वतःलाही तेव्हाच उमगत होतं. तू इथे राहिलीस, या कोंबड्या हाताळल्यास, तर तुला आपल्या घरी येता येणार नाही. कल्याणला माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पलंगावर, कुठेच. मलाही तुझ्याजवळ मागे येता येणार नाही. ती म्हणाली, "आजोबांना भेटायचीस ना? तशीच भेट." आणि मग म्हणाली, "ते मला म्हणायचे, तुजी आय बरोबर पन असंल, पन येखादे घरात कोंबरा पायजे."

तुम्ही माझ्या पाठीमागे तिला हे सांगितलंत. राग यायला हवा ना मला? आला नाही. तुम्ही मला बरोबर म्हणालेलात, तुमच्या पद्धतीने, आणि मी तुम्हाला बरोबर म्हणायला आलेले. तुम्ही ते जुईला सांगून ठेवलंत, मी साहेबांना, एकमेकांना मात्र कुणीच नाही.

तर आता असं चाललंय. मी पुन्हा कामावर जाते. परसातल्या योजनेवर साहेबांशी माझं रोज वाजतं, पुढे काय होईल माहीत नाही, कदाचित एक दिवस मलाच काढतील. जुई तुमच्या खोलीत. रात्री नीट जेवते की नाही, गॅस बंद करते की नाही, कुठे बर्ड फ्लूची बातमी आली की माझा जीव टांगणीला. सरकारी माणसं येऊन खुराडं रिकामं करतील का, तिला काही होईल का. तुम्ही होतात तेव्हा मला तुमच्या कोंबड्यांची कधी इतकी काळजी वाटली नव्हती. तेव्हा ती तुम्ही करायचात.

काल संध्याकाळी गेलेले. ओटीवर बसले. जुई मागे होती, तिचा आवाज घरातून येत होता. "आई, ती मान-उघडी खुडूक बसल्ये. उठतच नाही. खाली अंडी ठेवू का?"

मला एकदम उत्साह आला. मी ओरडून सांगितलं, ठेव, उजेडात धरून बघ आधी, तडा गेलेलं नको ठेवूस, पाणी तिच्या चोचीशी ठेव. ती हो हो म्हणत होती.

"आई, यातून कोंबडे किती निघतील?"

"साधारण निम्मे."

"एवढे? मग त्यांचं काय करायचं? आजोबा काय करायचे?"

"खायचे."

जुईने चिकन सोडलंय, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तिला चिडवायचात. ती आतून म्हणाली, "मी कुणाला कापू देणार नाही. पण एवढे सगळे ठेवणार कुठे? मारामाऱ्या करतील, रक्त काढतील एकमेकांचं." आणि मग, अगदी हळू, पण मला ऐकू आलं, "तुझ्या लॅबमध्ये हे झालंच नसतं ना आई?"

नाना, तुमच्याशी भांडताना मला कधी शब्द कमी पडले नाहीत. मी तिकडून बोलायची, तुम्ही इकडून बोलायचात, आणि दोघांचं मिळून काहीतरी पुरं व्हायचं. आता ती विचारते आणि दोन्हीकडून मलाच बोलायचं आहे. आत ती वाट बघत होती, हातात अंडी घेऊन.

"ठेवू का नको?" तिने विचारलं.

"ठेव," मी म्हटलं. माझा आवाज तिच्यापर्यंत पोहोचला की नाही कळलं नाही, म्हणून मी उठून घराच्या दिशेने तोंड करून पुन्हा मोठ्याने ओरडले, "ठेव गं!"